आजच्या इजेस दाद नाही

सोमवार, कापणी उरकत आली आहे

ताई,

साष्टांग नमस्कार. साष्टांग अशासाठी, की पाठ धरली आहे आणि मी पालथा पडूनच लिहितो आहे. नमस्कारासाठी वेगळे कष्ट पडले नाहीत.

धाकट्याचं नाव काढायचं नाही असा तुझा हुकूम आहे. खाणीच्या खटल्याचा निकाल ऐकून तू निरोप धाडला होतास, "धाकटा मला मेला. दुसरा अजून जिवंत आहे, पण तो त्याच मालकाच्या कचेरीत लेखणी झिजवतो, तेव्हा त्याच्याशीही जपूनच बोलेन." त्यातलं 'जपून' तू फारच मनावर घेतलंस. तेव्हापासून तुझी एक ओळ नाही. असो. हुकूम मोडत नाही, नाव काढत नाही. नुसतं 'धाकटा' म्हणतो. शास्त्राप्रमाणे ते नाव नव्हे, विशेषण आहे; पाप लागत नाही.

काम असं आहे. चेंडूचा दिवस जवळ आला.

तू म्हणशील, मग मी काय करू, नाचू? थांब. तू सासरी गेलीस तेव्हाचा चेंडू आता राहिलेला नाही. तेव्हा थोरले मालक कापणीनंतर एक दिवस मोकळा सोडायचे. बाजारचौकात चेंडू उडायचा. वरच्या आळीने तो पाणचक्कीला लावायचा, खालच्या आळीने चुनाभट्टीला, आणि सूर्य बुडाला की सगळे आपापली हाडं मोजत घरी. कोण किती माणसं, कुठून धावायचं, कसं धरायचं, याला नियम नव्हता. ज्यांच्या हातात वर्षभर ससाण्यांची शिकार, घोडे आणि बुद्धिबळ, त्यांच्या खेळाला नियम असतात. नियम पाळायला सवड लागते. ज्याला वर्षात एकच दिवस मिळतो तो नियम कुठे पाळत बसणार? त्याला त्या एका दिवसात बारा महिन्यांची मस्ती करायची असते, हसायचं असतं आणि राहिलेला हिशेबही चुकता करायचा असतो. बायकांना तर तोही दिवस नाही. त्या खिडक्यांना फळ्या मारतात आणि रात्री हळद गरम करतात.

आता धाकट्या मालकांनी, म्हणजे थोरल्यांच्या चिरंजीवांनी, यात सुधारणा केली आहे. सुधारणा म्हणजे काय, तर शेजारपाजारचे जमीनदार बोलवायचे, कचेरीच्या गच्चीवर गाद्या घालायच्या आणि आळ्यांवर पैजा लावायच्या. पैज लावायची तर कुणावर लावतो ते दिसायला हवं, म्हणून प्रत्येक आळीचा एक चेंडूवाला आधी ठरतो. पहिला चेंडू त्याच्या हातात जातो. यंदा वरच्या आळीचा चेंडूवाला आपला धाकटा. मालकांनी ठरवला. त्याला कुणी विचारलं नाही, आणि खाणीवरच्या मुकादमाला विचारायची रीतही नाही.

आता तुला आठवत असेल, की चेंडू उडण्याआधी कचेरीच्या पायरीवरून जाहीरनामा वाचला जातो, आणि बाबांच्या नंतर तो मी वाचतो. भाषा इतकी जुनी आहे की ऐकणाऱ्यांपैकी कुणाला कळत नाही आणि वाचणाऱ्याला कळतं अशी समजूत आहे. त्यात सांगितलं आहे की ज्याच्या हाती चेंडू त्याच्यावर हात टाकायला मुभा आहे, आणि आजच्या इजेस दाद नाही. म्हणजे त्या दिवशी कुणाचा हात मोडला, डोळा गेला किंवा माणूसच गेला, तरी कचेरीत फिर्याद चालत नाही.

धाकट्याच्या हाताखाली खाणीत मेलेला पाथरवट खालच्या आळीचा होता. आता समजलं, मी पालथा पडून का होईना, घाईने का लिहितो आहे?

धाकट्याला तू न्हाऊ घातलंस, त्याचा शेंबूड पुसलास, आईमागे तूच त्याची आई झालीस. माझं तो ऐकत नाही. मी मोठा भाऊ म्हणजे घरातला जुना रांजण, आहे म्हणून आहे. तुझी एक ओळ त्याला पुरेल. 'चेंडू हातात घेऊ नकोस.' खाली सहीसुद्धा नको. तुझं ते कुत्र्यामांजराच्या पायांसारखं अक्षर तो ओळखेल.

मला एवढी भीती अचानक का वाटू लागली? काही नाही. परवा कुणीतरी मला जाहीरनाम्याचा अर्थ विचारला. सहजच. त्यावरून मनात आलं, इतकंच.

तुझा
मधला


गुरुवार, खळ्यांवर धूळ

ताई,

नावाडी शपथेवर सांगतो की पत्र तुझ्याच हातात दिलं. "वाचलं का?" म्हटलं तर म्हणाला, "वाचलं, घडी केली आणि पिठाच्या डब्याखाली ठेवलं." पिठाच्या डब्याखाली म्हणजे तुझ्याकडे मानाची जागा, की डबा डुगडुगत होता?

काल मी खाणीवर गेलो. लपवत नाही, घाबरत गेलो. खाणीत जाण्याचा माझा अनुभव म्हणजे निकालपत्रात 'खाण' हा शब्द लिहिण्याचा. वरच्या कडेपासून खाली पायवाट आहे. बाजूला घण, पहारी, पाण्याचे माठ. खाली उतरताना ती भिंत लागते. वरून पुढे झुकलेली, आणि मध्ये एक पांढरी खोक, जिथून तो भाग निसटला. तेव्हा पाऊस थांबून आठ दिवसही झाले नव्हते. मालकांना नव्या तबेल्याला दगड हवा होता. धाकट्याने पाथरवटाला भिंतीखाली घातलं. मग कचेरीत सांगितलं, की तो आपणहून गेला, मी नको म्हणत होतो. ते सगळं माझ्या हाताने उतरवलं गेलं, आणि त्यावरच खटला निकालात निघाला. मी 'आपणहून' हा शब्द फार सुबक काढला होता, हेही तुला सांगून टाकतो.

धाकटा त्या खोकेसमोरच उभा होता. दाढी वाढली आहे. मला बघून म्हणाला, "दादा, जपून. पायातली वाहाण सटकेल. तुझी वाहाण फक्त ओसरीवर चालते."

मी म्हटलं, "आजारी पड."

"काय होऊ दे?"

"काहीही. तुला शंभर आजार सांगतो, प्रत्येकाला वैद्यकाचा आधार देतो. मुरडा घे. मुरडा कुणी तपासून बघत नाही."

तो हसला, ताई. लहानपणी ताकाचं मडकं फोडून हसायचा तसा. मग म्हणाला, "मालकाने शेजारच्या जमीनदाराबरोबर माझ्यावर चांगला घोडा लावलाय. मी मुरडा घेतला तर मालक मला घोड्याच्या जागी जुंपेल."

"जुंपू दे! घोडा जिवंत तरी असतो."

तो वळून पाथरवटांकडे बघत राहिला. ते सगळे घण थांबवून आमच्याकडे बघत होते. कुणी शिवी दिली नाही, कुणी थुंकलं नाही. शिवी दिली असती तर मी जेवलो असतो काल रात्री.

निघताना म्हटलं, "त्यांच्या मनात काय आहे तुला ठाऊक आहे?"

"दादा," तो म्हणाला, "रोज सकाळी यांना मीच कामाला लावतो. मला ठाऊक नसेल तर कुणाला?"

बस. यापुढे एक अक्षर नाही. चढ चढताना मी दोनदा बसलो. पाठीमुळे नव्हे.

ताई, लिही. पिठाच्या डब्याला दुसरं काहीतरी लाव.

मधला


रविवार, सकाळ

ताई,

तुझं उत्तर नाही, म्हणजे तुला कळलं आहे की मी काहीतरी झाकतो आहे. लहानपणी तू असंच करायचीस. नुसती गप्प बसायचीस, आणि मी गुळाचा खडा कुठे लपवला ते आपणच सांगून टाकायचो.

जाहीरनाम्याचा अर्थ विचारायला आला होता तो खोगीरवाला. मेलेल्या पाथरवटाचा थोरला भाऊ. चेंडू शिवायचं काम त्याच्याच घराण्याकडे आहे. चामडं तो घेतो, आत कोंडा ठासतो. आपल्याकडे खोगीरभरती हा शब्द नुसता वापरतात. तो ती खरोखर करतो.

संध्याकाळी आला. अंगणात उभा राहिला. मी बस म्हटलं, बसला नाही. म्हणाला, "गुरुजी, चेंडू शिवतोय. हात चालतात तेव्हा डोकं रिकामं असतं. दरवर्षी तुम्ही पायरीवरून वाचता त्याचा अर्थ काय, असं मनात आलं. आम्हाला नुसता सूर कळतो."

आता माझी अवस्था समजून घे. मला पाठाचा अर्थ शेवटचा कुणी विचारला तेव्हा बाबा हयात होते. मालकांना माझं अक्षर लागतं, अक्षराचा अर्थ लागत नाही. आणि इथे एक माणूस संध्याकाळचा चालत येऊन शब्दाशब्दाचा अर्थ मागतो! मी कंदील आणवला. ओळ वाचली, फोड केली. तो मान डोलवत होता. असा विद्यार्थी मला पाठशाळेत कधी मिळाला नाही.

मग त्याने विचारलं, "ज्याच्या हाती चेंडू, त्यावर हात टाकायला मुभा. आता तो माणूस मालकाचा नोकर असला तर? मुकादम, कारकून?"

मी म्हटलं, "वा! शंका उत्तम आहे." ताई, मी खरोखर 'वा' म्हणालो. आणि मग सांगितलं, की पाठात माणसाचा हुद्दा कुठेच नाही. हुद्दा घालायचा असता तर रचणाऱ्याने घातला असता, पुढच्याच ओळीत मालकाच्या घोड्याला अपवाद केला आहे, माणसाला केलेला नाही. म्हणून चेंडू हाती आहे तोवर तो कुणाचा नोकर नाही. सिद्धान्त झाला. मी चुटकीसुद्धा वाजवली.

तो म्हणाला, "आणि ज्याच्या हातून पडला त्याने पडलेल्याला आपल्या घरी नेऊन बरा करायचा, हेही त्यातच आहे?"

"आहे. तो आपल्या पायांनी चालत घरी जाईपर्यंत."

"आणि नेण्यासारखा उरलाच नाही तर?"

मी तोंड उघडलं होतं, ताई. त्या शंकेवरही मी उत्तर देणार होतो. तेव्हा कंदिलाच्या उजेडात मला त्याचा हात दिसला. चामड्याची दोरी तो बोटाभोवती गुंडाळत होता, सोडत होता, गुंडाळत होता. आणि एवढा वेळ मी कोणाशी बोलतो आहे ते माझ्या ध्यानात आलं.

"त्याबद्दल पाठ काही सांगत नाही," मी म्हटलं.

"बरं झालं विचारलं," तो म्हणाला. "उपकार झाले गुरुजी."

नमस्कार करून गेला. नीट, वाकून. आजवर त्याच्या लोकांच्या मनात एक शंका होती, मालकाच्या माणसाला हात लावला तर फासावर जावं लागेल का. ती शंका हेच धाकट्याचं चिलखत होतं. मी ते माझ्या हाताने उतरवलं, वर पुराव्यासकट.

कचेरीत त्यांनी दाद मागितली तेव्हा ती नाही हे सांगायला मी होतो. आता दाद नसलेल्या दिवशी काय करता येतं, हे सांगायलाही मीच.

ताई, तुला माझ्यावर रागवायचं असेल तर नंतर रागाव. आधी त्याला लिही.


चेंडूची आदली संध्याकाळ

ताई,

हे पत्र तुला वेळेवर मिळणार नाही हे ठाऊक आहे. तरी लिहितो.

बाजारात फळ्या ठोकणं चालू आहे. कुंभाराने मडकी आत घेतली, तेलीण दारात दगड लावते आहे. वरच्या आळीत हसणं-खिदळणं आहे, मुलं चिंध्यांच्या चेंडूने खेळताहेत. खालच्या आळीतून आवाज नाही. दरवर्षी तिथे आदल्या दिवशी ढोल वाजवतात. आज नाही.

गच्चीवर गाद्या चढवल्या. मालकांनी मला बोलावून सांगितलं, "गुरुजी, उद्या जरा आवाज चढवा. पाहुण्यांना जुनी भाषा ऐकायची हौस आहे." मी हो म्हटलं. मी आयुष्यभर हो म्हटलं आहे, त्यामुळे आता कुणाला शंका येत नाही.

मी एक ठरवलं आहे. जाहीरनाम्यातली दाद नसल्याची ओळ मी वाचणार नाही. तेवढीच गाळणार. वाचली नाही तर ती लागू नाही. मग ज्याने हात उचलला तो गुन्हेगार, आणि मी ते चौकात, सगळ्यांसमोर, साध्या बोलीत सांगू शकेन. हात टाकण्याआधी लोक दोनदा विचार करतील. पाहुण्यांना कळणार नाही, मालकांना तर नाहीच. कळलंच तर माझी नोकरी जाईल. वेदपाठी घराण्यात जन्मून मी एक ओळ खाणार. बाबा वरून बघत असतील तर त्यांनी उद्यापुरती पाठ फिरवावी.

 हा विचार नसता तर आज मी इथे बसू शकलो नसतो.


चेंडूचा दुसरा दिवस

ताई,

तो जिवंत आहे. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं तू श्वास घेऊन वाचशील. किती जिवंत आहे ते अजून कळायचं आहे.

चौक भरला होता. एका अंगाला वरची आळी, एका अंगाला खालची, मध्ये आमची पायरी. धाकटा उघड्या अंगाने पुढे उभा होता. समोर खालच्या आळीच्या रांगेत खोगीरवाला. त्याने चेंडू आणून माझ्या पायाशी ठेवला. शिवण सुरेख होती.

मी वाचायला लागलो. आवाज चढवला. गच्चीवरून कुणी 'वा वा' म्हणालं. त्या ओळीशी आलो आणि एका दमात पुढच्या ओळीवर उडी मारली. सूर मोडला नाही. कुणी हललं नाही. मला वाटलं, जमलं.

"दादा, एक ओळ राहिली."

धाकटा बोलला होता. मोठ्याने नाही. पण चौकात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती.

बाबांनी त्याला घोकवून घोकवून हा एवढा एकच पाठ शिकवला होता, हे मी साफ विसरलो होतो. बाकी काही त्याच्या डोक्यात राहिलं नाही, हे तू जाणतेसच.

मी म्हटलं, "राहिली नाही."

"राहिली. आजच्या इजेस." तो माझ्याकडे बघतच नव्हता, तो खोगीरवाल्याकडे बघत होता. "वाच, दादा. त्यांना दुसरा कुठला दिवस आहे?"

गच्चीवरून मालक ओरडले, "काय झालं? वाचा ना!" खालच्या आळीतून कुणी तरी म्हणालं, "वाचा गुरुजी." मग वरच्या आळीतूनही. सगळ्यांना वाचून हवं होतं, ताई. अख्ख्या गावात नको असलेला माणूस मी एकटाच, आणि कागद माझ्याच हातात.

मी वाचली.

चेंडू त्याच्या हातात गेला. पाणचक्की त्याच्या पाठीकडे होती. तो पुढे निघाला. धावला नाही, चालत, चेंडू छातीशी धरून, सरळ खालच्या आळीच्या अंगावर. वरच्या आळीतले "अरे मागं! मागं फिर!" म्हणून ओरडत होते, मालक गच्चीवरून नको ते बोलत होते. मग त्यांनी त्याला झाकून टाकलं. मला फक्त पाठी दिसत होत्या, एकावर एक. ओरडा नव्हता. कणीक तिंबताना येतो तसा आवाज होता.

मी आत घुसलो का? हो. तुला पटणार नाही. शाल गेली, पागोटं गेलं, कुणाचं तरी कोपर दातांवर बसलं. मी काय ओरडत होतो ते मलाही माहीत नाही. नंतर एकाने सांगितलं की गुरुजी संस्कृतात शिव्या देत होते.

मग कुणाच्या तरी हातात चेंडू लागला आणि तो चुनाभट्टीकडे पळाला. सगळा लोंढा त्याच्यामागे गेला. हे मला सगळ्यात भयंकर वाटलं. खेळ पुढे चालू झाला. चौकात पडलेला धाकटा, शेजारी मी, आणि गुडघ्यावर बसलेला खोगीरवाला. त्याची मूठ अजून वळलेली होती. तो तिच्याकडे बघत होता, जणू कुणी परक्याने ठेवायला दिली आहे.

"श्वास चालू आहे," मी म्हटलं.

"दिसतंय," तो म्हणाला. मूठ सोडली. मग म्हणाला, "माझ्या हातून पडला. माझ्या घरी न्यायचा."

"त्याला मी नेतो. आमच्या घरी."

"तुम्हीच अर्थ सांगितला होतात गुरुजी."

त्याने हाक मारून परत बोलावलेल्या आळीतल्या चौघांनी त्याला उचलला. मी मागे गेलो तर दोन आळ्यांमधल्या नाल्याच्या फळीवर बायकांनी अडवलं. "सूर्य बुडेपर्यंत वरच्या आळीच्या माणसाने इकडे येऊ नये," एक म्हणाली. "आमची माणसं आज कुणाचं ऐकत नाहीत. उद्या या."

मी परत फिरलो. ताई, मी परत फिरलो आणि घरी येऊन कडी लावली.


शुक्रवार, खोगीरवाल्याच्या उंबरठ्यावरून

ताई,

कागद मांडीवर आहे, अक्षर माफ कर.

एक खोली. भिंतीवर खोगिरं, कोपऱ्यात कोंड्याची पोती, चामड्याचा वास. एका बाजेवर धाकटा. फासळ्या गेल्या आहेत, उजवा पाय मांडीतून मोडला आहे. हाडवैद्याने कामट्या बांधल्या. ताप आहे. बाजेशेजारी खोगीरवाल्याची आई बसते. म्हणजे मेलेल्याचीही आईच.

ती त्याला पेज भरवते. पहिल्या दिवशी मी वाटीकडे बघत राहिलो. ती विष कुठून आणणार, कधी आणणार, हे सगळं मनात येऊन गेलं. तिने वाटी माझ्यापुढे धरली. "चाखून बघा गुरुजी. मीठ कमी असेल तर सांगा."

मी चाखली. मीठ बेताचं होतं. माझ्या आयुष्यात मी याहून लाजून काही गिळलेलं नाही.

मालकांनी धाकट्याला मुकादमकीवरून काढलं आणि खाणीवरचं बिऱ्हाड रिकामं करून घेतलं. त्यांचा घोडा गेला. माझ्याकडे शिपाई आला होता. 'चौकातल्या वर्तनाचा खुलासा' मागितला आहे. खुलासा लिहायचं काम कचेरीत माझ्याकडेच असल्यामुळे तूर्त तो लांबला आहे.

आज सकाळी धाकट्याचा ताप उतरला. म्हातारी पेज भरवत होती. खोगीरवाला दाराशी टाके घालत होता. ती म्हणाली, अगदी मीठ विचारावं तशी, "माझ्या पोराला तू शेवटचं काय सांगितलंस?"

टोच्याचा आवाज थांबला. मी उंबरठ्यावर उठून उभा राहिलो. कशासाठी ते माहीत नाही. मी त्या दोघांच्या मध्ये पडून काय होणार होतं?

धाकटा म्हणाला, "तो म्हणाला, भिंत ओली आहे. मी म्हटलं, धरेल. जा."

"तो आपणहून नाही गेला."

"नाही. मालकाचा माणूस दगडासाठी वर उभा होता. मी घातला त्याला."

म्हातारीने वाटी खाली ठेवली. बाहेर गेली. खोगीरवाल्याच्या हातात टोच्या तसाच. मी त्या टोच्याच्या टोकाकडे बघत होतो, ताई, आणि मला एकही स्तोत्र आठवेना.

ती परत आली ती तोंड धुऊन. पदराने पुसत म्हणाली, "हे कचेरीत सांगशील?"

"सांगेन."

"मालकासमोर?"

"त्याच्यासमोरच सांगायला हवं."

खोगीरवाला पहिल्यांदा बोलला. "एकदा निकाल लागलेला खटला परत उभा राहतो का, गुरुजी?"

या वेळी मी 'वा' म्हटलं नाही. साक्षीदाराने आपली साक्ष फिरवली तर राहतो. ती लिहून घेणारा कारकून मात्र लागतो, आणि कारकून मी आहे. मालक मला काय करतील हे तुला सांगून घाबरवत नाही. मी एकटा घाबरलो आहे तेवढं पुरे. त्यांची माणसं काल दोनदा नाल्यापलीकडे येऊन उभी राहून गेली.

त्यांनी शहाणपण केलं तर धाकट्याला कचेरीपर्यंत पोहोचूच देणार नाहीत. म्हणून उशीर नको, आणि भर बाजाराच्या वेळी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत न्यायचा. त्याला चालता येत नाही. बाजेसकट उचलावा लागेल. बाजेच्या पायांपैकी पुढचा एक खूर खोगीरवाला धरणार. दुसरा त्याची आई धरते म्हणाली. नको म्हटलं तर ऐकत नाही. मागचा एक मी, पाठीसकट. चौथ्या खुराला माणूस मिळत नाही. वरच्या आळीत मी दारोदार विचारून आलो. सगळ्यांना एकदम मुरडा झाला आहे. खालच्या आळीत हात आहेत, पण या दोघांखेरीज आणखी कुणी हात लावला तर मालक म्हणतील, साक्ष धमकावून घेतली. चौथा माणूस आपल्या घरचा हवा.

हे पत्र घेऊन नावाडी आत्ताच निघतो आहे आणि उद्याच्या पहिल्या खेपेला तो तुझ्या काठावर थांबेल. बाजार मोडायच्या आधीची शेवटची घटका येईपर्यंत आम्ही बाज उचलणार नाही.

वाट बघतो.

मधला